स्विफ्ट कोड बरोबर, तरी पैसे वाटेतच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात पैसे पाठवण्याविषयी वृत्तपत्रांतून जे सल्ले छापून येतात, ते बहुधा ‘स्विफ्ट कोड अचूक भरा’ एवढ्यावर येऊन थांबतात. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. कोडचा प्रत्येक वर्ण बरोबर असतानाही रक्कम आठवडाभर कुठेतरी लटकते किंवा वाटेत कापली जाऊन परत येते, आणि पाठवणारा पुन्हा पुन्हा तोच कोड तपासत बसतो. हा कोड काय सांगतो यापेक्षा तो काय सांगत नाही हे कळणे जास्त गरजेचे आहे. त्यासाठी पत्र थोडे लांबले आहे, याची क्षमा असावी.

‘स्विफ्ट कोड’ हे बोलण्यातले नाव. अधिकृत नाव बीआयसी, म्हणजे बिझनेस आयडेंटिफायर कोड. पूर्वी त्यातला ‘बी’ बँकेचा होता, आता ‘बिझनेस’चा आहे, कारण बँक नसलेल्या संस्थांनाही हा कोड मिळतो. त्याचे मानक आयएसओ ९३६२, आणि कोड देण्याचे व नोंदवहीत ठेवण्याचे काम स्विफ्ट या संस्थेकडे. १९७३ साली बेल्जियममध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी ही संस्था उभी केली. ती पैसे नेत नाही. बँकांमधले निरोप नेते. ही गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे.

कोड आठ वर्णांचा असतो किंवा अकरा वर्णांचा. नऊ किंवा दहा वर्णांचा बीआयसी नसतोच. तसा कोणी दिला तर एखादा वर्ण गळाला किंवा वाढला आहे असे समजावे. पहिली चार अक्षरे संस्थेची, पुढची दोन देशाची, त्यानंतरचे दोन वर्ण पूर्वी ठिकाण दाखवत, आणि शेवटचे तीन असलेच तर शाखेचे. फ्रँकफर्टच्या डॉइश बँकेचा कोड घ्या: डीईयूटी, मग डीई, मग एफएफ. इथे सगळे नावावरून ओळखता येते, म्हणून लोकांना वाटते की प्रत्येक कोडमध्ये बँकेचे नाव दिसायलाच हवे. तसे नाही. लंडनच्या एचएसबीसी बँकेचा जुना कोड आजही एमआयडीएलने सुरू होतो, कारण ती मूळची मिडलँड बँक. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा कोड एमएआरके या अक्षरांनी सुरू होतो. त्यात बँकेच्या नावातले काही शोधू नये. रिव्होल्यूटच्या युरोपीय बँकेचा कोड इंग्रजीत चक्क ‘रिव्होल्ट’ म्हणजे ‘बंड’ असा वाचला जातो, पुढे २१. पण त्यातले पाचवे-सहावे अक्षर एलटी, म्हणजे लिथुआनिया. तेव्हा नाव जुळत नाही म्हणून कोड चुकीचा ठरवू नका. उलट, नाव जुळते म्हणून बरोबरही मानू नका.

सातव्या-आठव्या वर्णांवरून शहर ओळखण्याची सवय मात्र आता सोडायला हवी. मानकाच्या २०१४च्या आवृत्तीपासून त्या दोन वर्णांना ठिकाणाचा अर्थ राहिलेला नाही. तरी लिहिण्याचे नियम आहेत आणि ते चुका पकडायला फार उपयोगी पडतात. प्रत्यक्ष वापरातल्या कोडांत पहिल्या सहा जागी फक्त अक्षरे असतात. तिथे शून्य दिसले तर ते खरे म्हणजे ‘ओ’ आहे. सातव्या जागी शून्य आणि एक चालत नाहीत. आठव्या जागी ‘ओ’ हे अक्षर चालत नाही. तिथे गोल दिसला की तो शून्यच, आणि शून्य हा परंपरेने चाचणीच्या कोडचा संकेत. प्रत्यक्ष व्यवहारासाठी असा कोड कोणी दिला तर एकदा विचारून घ्यावे.

आयएफएससी आणि बीआयसी यांची गल्लतही याच नियमाने सुटते. दोन्ही अकरा वर्णांचे असू शकतात, दोन्हींची सुरुवात चार अक्षरांनी होते, म्हणून एकाच्या जागी दुसरा भरला जातो. पण आयएफएससीचा पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, आणि बीआयसीत तिथून देशाची अक्षरे सुरू होतात. पाचव्या जागी नजर टाकली की खुलासा होतो.

आठ वर्णांचा कोड आणि त्याच्यापुढे तीन एक्स लावलेला कोड एकच. दोन्ही मुख्य कार्यालयाचे. संगणकाने अकरा वर्ण मागितले तर तीन एक्स लावावेत, तीन शून्ये नव्हे. समोरच्याने आठच वर्ण दिले असतील तर शाखेचे तीन वर्ण इंटरनेटवर शोधून जोडण्याचा उद्योग करू नये. पैसे शाखेत जात नाहीत, खात्यात जातात. आणि बंद झालेल्या शाखेचे वर्ण अशा याद्यांवर वर्षानुवर्षे टिकून असतात. बँकांचे विलीनीकरण झाले की जुना कोड काही काळ चालतो, मग एके दिवशी नोंदवहीतून जातो. गेल्या वर्षी चाललेला कोड यंदा ‘अवैध’ दिसला तर टंकलेखनाची चूक शोधत बसण्याआधी ती बँक दुसरीत विलीन झाली का, हे पाहावे.

आता मुख्य उणीव. बीआयसीत तपासणी अंक, म्हणजे बाकीच्या वर्णांवरून हिशोबाने काढलेला आणि चूक पकडून देणारा अंक, नाही. एक अक्षर बदलले तर कोड एकतर अस्तित्वात नसतो, आणि मग नशीब चांगले. संगणक तिथेच अडवतो. किंवा तो दुसऱ्याच कोणत्यातरी बँकेचा खरा कोड निघतो, आणि मग संगणकाला शंका घेण्याचे काही कारणच उरत नाही. निरोप व्यवस्थित भलत्या बँकेत पोचतो. तिथे तसे खाते नसेल तर परत येतो, शुल्क कापून.

आयबॅनचे तसे नाही. युरोप, आखाती देश आणि इतर अनेक ठिकाणी खाते क्रमांक या रूपात लिहितात: दोन अक्षरे देशाची, दोन तपासणी अंक, पुढे त्या देशाच्या पद्धतीचा क्रमांक. जास्तीत जास्त ३४ वर्ण, पण प्रत्येक देशाची लांबी ठरलेली: नॉर्वे १५, जर्मनी आणि ब्रिटन २२, संयुक्त अरब अमिराती २३, फ्रान्स २७, माल्टा ३१. लांबी जुळली नाही तर पुढे जायचेच नाही. तपासणी घरच्या घरी करता येते. जर्मनीचा नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा क्रमांक घ्या: डीई८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. पहिले चार वर्ण उचलून शेवटी न्यायचे. अक्षरांच्या जागी आकडे लिहायचे, ए म्हणजे १० पासून झेड म्हणजे ३५ पर्यंत. म्हणून डी १३, ई १४. जी संख्या तयार होते, ३७०४००४४०५३२०१३०००१३१४८९, तिला ९७ने भागायचे. बाकी १ उरली पाहिजे, आणि उरते. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ही बाकी बदलते. अर्थात क्रमांक नियमात बसतो एवढेच यातून कळते. ते खाते चालू आहे का, कोणाचे आहे, हे नाही.

आयबॅनमध्ये बँकेची ओळख बहुतेक ठिकाणी आतच असते. म्हणूनच सेपा या युरोपातल्या सामाईक भरणा-व्यवस्थेतल्या युरो व्यवहारांत २०१६पासून ग्राहकाकडून बीआयसी मागितला जात नाही. आयबॅनवरून बँक तो स्वतः काढते. सेपाच्या बाहेर मात्र दोन्ही भरावे लागतात, आणि तिथे एक सोपी जुळवणी करता येते: बीआयसीतली पाचवी-सहावी अक्षरे आणि आयबॅनची पहिली दोन अक्षरे सारखी हवीत. अपवाद आहेत, ते माहीत असलेले बरे. जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन इथल्या बँकांच्या बीआयसीत त्या त्या बेटाची अक्षरे असू शकतात, पण आयबॅन जीबीने सुरू होतो. फ्रान्सच्या सागरापारच्या प्रदेशांतही आयबॅन एफआरचा आणि बीआयसी वेगळ्या अक्षरांचा आढळतो. याखेरीज अक्षरे जुळली नाहीत तर हात आखडता घ्यावा. ‘आमचे खाते बदलले आहे, यापुढे रक्कम इथे पाठवा’ अशी ईमेल येते, पुरवठादार एका देशातला आणि कोड तिसऱ्याच देशाचा; ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. अशा वेळी त्या ईमेलला उत्तर देऊन खात्री करू नये. आधीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याकडे आयबॅन नाही. तिथे बीआयसीच्या जोडीला देशांतर्गत कोड लागतो, आणि इथे घोळ दुसऱ्या जातीचे असतात. अमेरिकेचा एबीए राउटिंग क्रमांक नऊ आकडी. त्याला तपासणी आहे: आकड्यांना ओळीने ३, ७, १ असे पुन्हा पुन्हा गुणायचे आणि बेरीज करायची, तिला १०ने नि:शेष भाग गेला पाहिजे. ०२१००००२१ हा क्रमांक घेतला तर बेरीज ३० येते. अडचण अशी की काही बँकांचे वायरसाठी, म्हणजे एकेक भरणा थेट पाठवण्यासाठी, आणि एसीएच म्हणजे बॅच पद्धतीच्या भरण्यासाठी क्रमांक वेगळे असतात, आणि चेकवर छापलेला क्रमांक वायरला चालेलच असे नाही. क्रमांक खरा, तपासणीत पास, तरी वायर नाकारली जाते. ‘वायरसाठीचा राउटिंग क्रमांक द्या’ असे स्पष्ट शब्दांत मागितले की काम होते.

कॅनडाची गंमत क्रमाची. चेकवर आधी शाखेचे पाच आकडे आणि मग बँकेचे तीन असतात. इलेक्ट्रॉनिक भरण्यासाठी तेच उलटे, म्हणजे शून्य, बँकेचे तीन, मग शाखेचे पाच, असे नऊ आकडे लिहायचे. चेक बघून आठ आकडे जसेच्या तसे भरले तर अर्ज अडकलाच. ऑस्ट्रेलियाचा बीएसबी आणि ब्रिटनचा सॉर्ट कोड दोन्ही सहा आकडी. ब्रिटनचा आयबॅन हाती असेल तर सॉर्ट कोड त्यातच आला.

एवढे सगळे बरोबर भरले तरी पैसे का अडकतात, याचे उत्तर वर म्हटलेल्या गोष्टीत आहे. स्विफ्टवरून फक्त निरोप जातो. पैसे जातात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांत नावे-जमा होऊन. आपल्या बँकेने परक्या बँकेत ठेवलेल्या अशा खात्याला नोस्ट्रो म्हणतात. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेची आपसांत अशी खाती नसतील तर मध्ये तिसरी, कधी चौथी बँक येते. ती कोणती, हे चलनावर ठरते. एकाच बँकेची डॉलरसाठीची मध्यस्थ बँक न्यूयॉर्कची असेल, युरोसाठीची फ्रँकफर्टची. डॉलरच्या सूचना बघून युरो पाठवले तर चुकलेच.

घेणाऱ्याने दिलेल्या कागदावर म्हणूनच दोन बीआयसी असू शकतात, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लोक मोठ्या, ओळखीच्या नावाच्या बँकेचा कोड ‘लाभार्थी बँक’ या रकान्यात भरतात, कारण दुसरी बँक त्यांनी कधी ऐकलेली नसते. ती मोठी बँक मध्यस्थ असते. निरोप तिच्याकडे जातो, ती आपल्या पुस्तकात लाभार्थीचा खाते क्रमांक शोधते, तो तिथे नसतो, कारण लाभार्थीचे खाते त्या न ऐकलेल्या बँकेत आहे. ग्राहकाचा भरणा कळवणाऱ्या एमटी१०३ या जुन्या निरोपात मध्यस्थ बँकेचा रकाना ५६ आणि लाभार्थीच्या बँकेचा ५७, लाभार्थी ५९मध्ये. नव्या पद्धतीत त्यांना इंटरमीडियरी एजंट, क्रेडिटर एजंट आणि क्रेडिटर म्हणतात. नावे काहीही असोत, कसोटी एकच: ज्या बँकेत लाभार्थीचे खाते आहे तिचा कोड लाभार्थी बँकेच्या रकान्यात, बाकीच्या सगळ्या मध्यस्थ. मध्यस्थ बँकेकडे लाभार्थीच्या बँकेचा जो खाते क्रमांक असतो तोही कधी कधी कागदावर छापलेला असतो. तो लाभार्थीचा खाते क्रमांक म्हणून भरणे ही त्याच चुकीची धाकटी बहीण.

‘निरोप पोचला पण पैसे आले नाहीत’ असे घेणारी बँक सांगते तेव्हा ती खोटे बोलत असेलच असे नाही. एका पद्धतीत निरोप आणि पैसे बँकेमागून बँक एकत्र जातात. दुसऱ्या, ‘कव्हर’ म्हणतात त्या पद्धतीत, निरोप थेट लाभार्थीच्या बँकेला जातो आणि पैशांची तजवीज मध्यस्थांमार्फत वेगळ्या निरोपाने होते. २००९च्या नोव्हेंबरपासून त्या वेगळ्या निरोपातही मूळ पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव द्यावे लागते. त्यामुळे मध्यस्थ बँकही नावे निर्बंधांच्या याद्यांशी ताडते आणि एखादे नाव जुळल्यासारखे वाटले तर थांबवते. तेव्हा निरोप एका बँकेच्या पडद्यावर आणि पैसे दुसरीच्या टेबलावर, अशी स्थिती येते.

शुल्काचे तीन पर्याय असतात. ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे दोघांत वाटून, बीईएन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. नव्या निरोपांत यांनाच अनुक्रमे डेट, शार आणि क्रेड म्हणतात. बिलाची रक्कम पूर्णच्या पूर्ण पोचायला हवी असेल तर एसएचए चालणार नाही. वाटेतली प्रत्येक बँक आपला वाटा रकमेतूनच कापू शकते. ओयूआर लिहूनही कपात झाल्याची तक्रार येते, पण तेव्हा निदान ती मागण्याचा आधार हाती असतो.

नावाविषयी एक गैरसमज पक्का आहे: नाव बरोबर लिहिले की क्रमांकातली चूक बँक पकडेल. कायदा तसे म्हणत नाही. युरोपीय संघाच्या पेमेंट सेवाविषयक निर्देशानुसार ग्राहकाने दिलेल्या विशिष्ट ओळख क्रमांकाप्रमाणे भरणा केला तर तो योग्यच झाला असे धरतात, नाव काहीही असो. अमेरिकेतल्या एकसमान व्यापारी संहितेच्या ४ए या भागातही नाव आणि क्रमांक वेगवेगळ्यांचे निघाले तर, विसंगती माहीत नसलेल्या बँकेला क्रमांकावर विसंबता येते. बँकेच्या ओळख क्रमांकालाही तिथे तसाच नियम आहे. युरो क्षेत्रात ९ ऑक्टोबर २०२५पासून पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे बँकांनी ग्राहकाला सांगणे बंधनकारक झाले. ही सोय अर्थातच सर्वत्र नाही.

नाव लिहायचे ते रोमन लिपीत, आणि स्विफ्टच्या जुन्या वर्णसंचात बसेल असे: साधी अक्षरे, आकडे आणि मोजकी विरामचिन्हे. अँड या अर्थाचे चिन्ह त्यात नाही, उच्चारचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे नाहीत. जुन्या निरोपात नाव-पत्त्याला ३५ वर्णांच्या चार ओळी होत्या; लांबलचक कंपनीनाव भरले की पत्त्याची शेपटी तुटायची. बँकांमधल्या भरण्याच्या निरोपांत जुन्या-नव्या पद्धतींचा एकत्र काळ २२ नोव्हेंबर २०२५ला संपला, आणि २०२६च्या नोव्हेंबरपासून पत्ता नुसता ओळींत लिहून चालणार नाही; निदान गाव आणि देश वेगळ्या रकान्यांत द्यावे लागतील. ज्यांच्याकडे लाभार्थींच्या जुन्या याद्या साठवलेल्या आहेत त्यांनी हे काम आताच हाती घ्यावे.

पैसे अडकलेच तर ‘एमटी१०३ची प्रत द्या’ असे म्हणण्याची रीत आहे. आता बँका आपसांत त्याऐवजी पॅक्स ००८ हा निरोप पाठवतात, त्यामुळे काउंटरवर कधी कधी ‘एमटी१०३ आता नसतो’ असे उत्तर मिळते. तेव्हा यूईटीआर, म्हणजे त्या भरण्याचा शोध क्रमांक, मागावा. २०१८च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक भरण्याला तो असतो: संयोगचिन्हांसकट ३६ वर्ण, पाच गट, आणि तिसऱ्या गटाची सुरुवात ४ने. वाटेतली कोणतीही बँक त्यावरून शोध घेऊ शकते, आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. बँकेचा स्वतःचा संदर्भ क्रमांक पुढच्या बँकेला काहीच सांगत नाही. शोधात एसीएसपी दिसले तर व्यवहार वाटेत आहे, एसीसीसी दिसले तर लाभार्थीच्या खात्यात जमा झाला, आरजेसीटी म्हणजे नाकारला. परत आलेल्या रकमेसोबत कारणाचा कोड येतो, तो जरूर विचारून घ्यावा. आरसी०१ म्हणजे बँकेची ओळख चुकीची, एसी०१ म्हणजे खाते क्रमांक चुकीचा, एसी०४ म्हणजे खाते बंद. कारण न विचारता तीच माहिती पुन्हा भरून पाठवली तर शुल्कही पुन्हा जाते, आणि चलनाची अदलाबदल दोनदा झाल्यामुळे दरातला फरकही अंगावर पडतो.

चूक लक्षात आली आणि रक्कम अजून जमा झालेली नाही, तर पाठवणाऱ्या बँकेमार्फत रद्द करण्याची विनंती लगेच द्यावी. तीही यूईटीआर धरूनच मागोमाग जाते. एकदा जमा झाली की बहुतेक ठिकाणी खातेदाराच्या संमतीशिवाय ती परत मिळत नाही.

या सगळ्यात बँकांचा दोष कुठे असेल तर तो अर्जाच्या रचनेत. ‘स्विफ्ट / आयबॅन / राउटिंग क्रमांक’ असा एकच रकाना ठेवलेले अर्ज अजून वापरात आहेत. तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांतल्या दोनांना तपासणी आहे आणि एकीला नाही, एका चौकटीत कोंबल्या की संगणकालाही नियम लावता येत नाही. लाभार्थी बँकेचा बीआयसी, लाभार्थीचा खाते क्रमांक किंवा आयबॅन, देशांतर्गत कोड आणि मध्यस्थ बँकेचा बीआयसी, असे चार स्वतंत्र रकाने हवेत. शेवटचा रिकामा ठेवता आला पाहिजे. आपल्या अर्थविषयक पानावर अशा चार रकान्यांचा एक भरलेला नमुना छापता आला, तर वाचकांना तो कापून अर्जाशेजारी ठेवता येईल. नमुन्यात लाभार्थी बँक मुद्दाम कोणी न ऐकलेल्या नावाची घ्यावी आणि मध्यस्थ मोठ्या नावाची.

आपला,
परकीय चलन व्यवहारांतील एक निवृत्त अधिकारी